कल्लगुंडीची यारी

"खाकी घालून बायकोवर पहारा करनार व्हय?" गंगव्वानं विचारलं आणि थापलेली भाकरी तव्यावर आदळली.

गुंडो उंबऱ्यात उभा राहून नव्या सदऱ्याची बटणं लावत होता. सदरा कुणातरी जाड्या माणसासाठी शिवलेला. त्याच्या अंगात तो खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता.

"बायकोवर न्हवं, प्लाटावर. वाचमन म्हनत्यात त्याला. खाण बंद पडल्यापास्नं या हातास्नी काम हाय का? तूच सांग."

"आन् त्यापायी खाणीवरची यारी कापू द्यायची?"

"यारी काय माज्या बाची हाय? मालकाची व्हती. त्यानं जमीन इकली, तिच्यासंगं यारी बी गेली."

"मालकाची व्हती तर मालकानं फिरवली का एक दिस तरी?"

गुंडो भाकरी न खाताच बाहेर पडला.

आमची कल्लगुंडी बेंगळुरात, बसवनगुडीच्या पार पलीकडं, बसच्या शेवटच्या थांब्यालगत. आमचे आजे निपाणीकडनं घण आणि छिन्नी घेऊन इथं आले आणि दगडाच्या कडेला झोपड्या घालून राहिले. निम्म्या बेंगळूरच्या घरांची जोती, देवळांच्या पायऱ्या, फुटपाथच्या लाद्या या खाणीतनं गेल्या. जायच्या त्या यारीनं. खाणीच्या तोंडावर गोऱ्या सायबाच्या काळातला जाड लोखंडी खांब, त्याला खड्ड्यावर झुकलेला लांब हात, हाताला साखळी आणि साखळी गुंडाळायला दोन्ही अंगांना दांडे. लांबनं बघितलं तर बगळा पाण्यावर वाकल्यागत दिसायची. बसचा कंडक्टरसुद्धा आमचा थांबा आला की "क्रेन, क्रेन" असंच ओरडायचा. गुंडोनं उमेदीची सगळी वर्षं तिच्या दांड्यावर काढली होती.

खाण बंद पडली तसा पंपही थांबला आणि खड्डा पाण्यानं भरला. तीन बाजूंना ताशीव कडा. चौथीकडं गाडीवाट होती, तिच्यावर जमीन विकत घेणाऱ्या प्रतापरावांनी भिंत घातली. मग बायकांनी यारीच्या साखळीला डांबराचा रिकामा ड्रम बांधला आणि पाणी वर ओढायला सुरुवात केली. वस्तीतली बोअर शिमग्यालाच आटलेली. शहाण्णव सालचा तो वैशाख असा, की पायाखालचा दगड तव्यासारखा पोळायचा आणि जुनी धूळ नाकातोंडात जायची. यारी गेली असती तर आमच्या डोळ्यांसमोर पाणी राहिलं असतं आणि आम्ही तहानेनं मेलो असतो.

उन्हं चढता चढता शिवाजीनगरचा भंगारवाला टेंपो घेऊन आला. त्याच्या दोन गड्यांनी लोखंड कापायच्या गॅसच्या दोन टाक्या उतरवून यारीच्या पायथ्याशी ठेवल्या आणि ते पिंपरणीच्या सावलीला चहा प्यायला बसले. पाठोपाठ प्रतापरावांची गाडी आली. गंगव्वा, शेजारची सोयराबाई आणि दहाबारा बायका घागरी घेऊन आधीच तिथं उभ्या होत्या.

प्रतापराव मूळचे कापडदुकानदार, बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातले. बोलणं मऊ.

"गंगव्वाक्का, स्वल्प ऐका. आपण एकाच भाषेची माणसं. इथं चांगली घरं होणार, रस्ता होणार. हे गंजलेलं लोखंड मधे कशाला?"

"भाषा एक असंल अण्णा, तहान येगळी हाय. तुमच्या घरात नळ हाय."

"इथंही नळ येईल की."

"सरी, चालंल. मग नळ येऊ द्या, आन् यारी न्ह्या. आमी सोता ढकलू लागतो."

"असं कसं? सौदा झालाय." त्यांनी मान वळवली. "गुंडो, यांना जरा बाजूला घे. नाहीतर पोलीस बोलवायला लागतील."

"बोलवा की!" सोयराबाई उसळली. "ठाण्याची पायरी आमच्याच दगडाची हाय. वळखीची हाय आमच्या."

बायका हसल्या. गुंडो मात्र काठी घेऊन मधोमध उभा राहिला. धड इकडं नाही, धड तिकडं नाही. त्यानं बायकोकडं बघितलं आणि मान खाली घातली.

प्रतापराव वैतागून गाडीकडं गेले. तेवढ्यात गंगव्वानं सोयराबाईला कोपरानं ढोसलं. यारीचा हात काठाकडं वळवलेलाच होता; बायकांनी साखळीचा ड्रम सोडला. साखळीचा फेरा दोन्ही टाक्यांच्या गळ्याभोवती पडला, आकडा अडकला. चारचार बायका दोन्ही दांड्यांना भिडल्या. यारी करकरली. चहा पिणारे गडी "अरे, अरे" करत उठेपर्यंत टाक्या कमरेइतक्या वर गेल्या होत्या. सोयराबाईनं यारीच्या हाताला बांधलेली दोरी ओढली, आणि तो लांब हात हळूहळू वळून पाण्यावर गेला.

"आता कापा!" गंगव्वा ओरडली. "या, घ्या तुमची टाकी!"

आणि नेमकी त्याच वेळी खिटी उडाली. चाकाच्या दातात बसून ओझं धरून ठेवणारा तो लोखंडी तुकडा झिजलेला होता. साखळी खडाखडा सुटली. दांडे बायकांच्या हातांतनं निसटून गरगरा फिरू लागले. बाकीच्या मागं कोलमडल्या, पण गंगव्वा दांडा पुन्हा धरायला पुढं झाली. त्या दांड्यानं पूर्वी एका गड्याचा जबडा फोडलेला आम्ही सगळ्यांनी बघितला होता.

गुंडो धावला. एका हातानं त्यानं बायकोला मागं फेकलं आणि दुसऱ्या हातानं आपली काठी चाकाच्या दातात खुपसली. कडाड् आवाज झाला, काठीच्या ढलप्या उडाल्या, पण चाक अडकलं. त्यानं टाचेनं खिटी दाबून बसवली आणि तिच्यावर पाय रोवून तो तसाच उभा राहिला. खाली टाक्या पाण्यापासून हातभरावर झुलत होत्या.

गंगव्वा खरचटलेलं कोपर धरून उठली. दोघं एकमेकांकडं बघत राहिली.

प्रतापराव धावत आले. "शाबास गुंडो! आता ते इकडं घे आणि खाली उतरव."

"उतरवतो की," गुंडो म्हणाला. धापेनं त्याची छाती भात्यासारखी हलत होती. "पाय काडला की उतरतंयच. थेट पाण्यात."

भंगारवाल्यानं डोक्याला हात लावला. टाक्या भाड्याच्या होत्या. तो प्रतापरावांच्या हातापाया पडू लागला, मला यात ओढू नका, माझा माल द्या म्हणू लागला. हात दगडाखाली सापडला की काय होतं ते प्रतापरावांना त्या दिवशी कळलं.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"नळाचं पानी येईस्तवर यारीला कुनी हात लावायचा न्हाई," गंगव्वा म्हणाली.

"बरं."

"आसं पुटपुटून न्हाई. मोठ्यांदा बोला. समद्यास्नी आयकू द्या."

प्रतापरावांनी चारचौघांत, मोठ्यानं, शब्द दिला. मगच टाक्या जमिनीला टेकल्या. टेंपो धुरळा उडवत गेला.

गाडीत बसता बसता प्रतापराव म्हणाले, "गुंडो, तो सदरा काढून ठेव. उद्यापासून येऊ नको."

गुंडोनं तिथंच सदरा काढला, नीट घडी केली आणि गाडीच्या खिडकीतनं आत दिला.

"मोजून घ्या, समदी बटनं हायत."

चूल उद्या कशावर पेटणार, हे त्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. गंगव्वानं घागर उचलून कमरेवर घेतली, तरी ती जागची हलेना. फाटक्या बनियनवर उभ्या असलेल्या नवऱ्याकडं ती बघतच राहिली.

गुंडो तळहातांवर थुंकला आणि त्यानं दांडा धरला.

"बगत काय ऱ्हायलीस? ड्रम बांद. बायका तान्हेल्या हायत."