सलाम कापणारा बगळा

सिंदोच्या ओलांगोने आपल्या सासूला सलाम पाठवला. एकदाच पाठवला, हे मी त्याच्या वतीने शपथेवर सांगते. पण माझ्या स्टुडिओतल्या स्क्रीनवर तो एकामागून एक येतच राहिला. आणि मी पडले समोर येईल ते वाचायची सवय असलेली बाई. चौथ्यांदा वाचताना भानावर आले. तोवर आमच्या सगळ्या म्बिता गावाला कळून चुकलं होतं की ओलांगोचं सासूवर भलतंच प्रेम आहे. बाजारात बायका त्याला अडवून विचारायला लागल्या, "काय रे, सासूबाई बऱ्या आहेत ना? कळवलंस ना त्यांना आज?"

मी अपोंदी. आमच्या सरोवरकाठच्या रेडिओवर सकाळचा सलामांचा कार्यक्रम माझा. लोक नावं पाठवतात, मी वाचते: अमक्याकडून तमक्याला, त्याच्या भावाला, भावाच्या मेव्हण्याला आणि होडीवरच्या सगळ्यांना. एवढंच. पण एवढ्यासाठी होड्या काठाला लागल्या की कोळी आधी रेडिओ लावतात आणि मग जाळी उतरवतात. ज्याचं नाव वाचलं जातं तो दिवसभर रुबाबात फिरतो. माझे केस या कार्यक्रमात पिकलेत आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही.

आधी सलाम पोस्टकार्डावर यायचे, मग फोनवर. यंदा म्झे ओगोलांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, नवी व्यवस्था केली. मेसेज थेट माझ्या स्क्रीनवर यायचे. प्रोग्राम लिहिला ओसेवेने. ओसेवे आमचा तंत्रज्ञ, सगळं स्वतःचं स्वतः शिकलेला. पोरगा गुणी, पण मान अशी ताठ की दारातून वाकून जायचीही चोरी. आणि त्याच्या प्रोग्रामला हा उचकी लागल्यासारखा रोग जडला होता.

गुरुवारी म्झेंनी मला बोलावलं.

"अपोंदी, शनिवारी साबण कंपनीचे साहेब येऊन बसणार आहेत. त्यांना सकाळची वेळ हवीय. गाणी लावतील, मध्ये मध्ये साबण."

"आणि सलाम?"

"शनिवारी नीट झालं तर बघू. पुन्हा सासूची आरती झाली तर वेळ त्यांची."

"आणि मी, म्झे?"

"तू साबणाची जाहिरात वाच. आवाज छान आहे तुझा."

आवाज छान आहे! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरातरा ओसेवेकडे गेले. तो स्क्रीनसमोर डोकं धरून बसला होता.

"सापडलं का?"

"नाही, आंटी."

"मग विचार ना कुणाला तरी!"

"कुणाला? म्बितात कोड लिहिणारा मी एकटा."

"म्हणजे जग म्बितातच संपतं का? तुमची ती साइट आहे ना, जगभरचे प्रोग्रामर एकमेकांची कोडी सोडवतात ती?"

त्याने कडू औषध पाजल्यासारखं तोंड केलं. "तिथे विचारणं म्हणजे मुलीच्या काकांसमोर लग्नाची बोलणी करायला उभं राहणं, आंटी. आधी शोधलंस का? काय काय करून पाहिलंस? स्क्रीनचा फोटो कशाला टाकलास? आणि 'अर्जंट' लिहिलंस तर मेलासच. मागे मी विचारलं होतं, तर चहा गार व्हायच्या आत प्रश्न बंद केला. वर म्हणाले, नीट विचारायला शिका."

"मग शीक की! मी बसते शेजारी. लिही, 'सुप्रभात'..."

"ते नाही लिहायचं."

"काय नाही लिहायचं?"

"हॅलो. तिथे हॅलो म्हणत नाहीत. धन्यवादही नाही. सरळ प्रश्न."

मला आधी वाटलं पोरगा थट्टा करतोय. "म्हणजे माणसाच्या दारात जायचं, कसे आहात म्हणायचं नाही, आणि थेट 'मीठ दे' म्हणून हात पुढे करायचा?"

"दार नाहीये ते, आंटी. लोकांना वेळ नसतो, रोज हजारो प्रश्न..."

"ऊठ. सरक तिकडे. मी लिहिते."

आणि लिहिलं. "सुप्रभात मंडळी. कसे आहात? घरचे बरे आहेत ना? पोरंबाळं, गुरंढोरं? आमच्याकडे सगळं ठीक, सरोवर शांत आहे, ओमेना मासळी भरपूर लागलीय. मी अपोंदी, रुसिंगा बेटाची लेक." मग दोन ओळींत आमचं दुखणं, आणि शेवटी देव तुमचं भलं करो. ओसेवेने डोळे झाकून घेतले होते. मी बटण दाबलं.

चहा ओतून परत येते तो काय, माझा सलाम गायब! गुरंढोरं गायब, सरोवर गायब, देव गायब. नुसत्या दोन ओळी उरल्या होत्या, पिसं काढलेल्या कोंबडीसारख्या. खाली नाव होतं 'राखी बगळा', आणि शेजारी चित्रही बगळ्याचंच.

"हा कोण?"

"मॉडरेटर, साइटवर देखरेख करणारा," ओसेवे कुजबुजला, जणू तो बगळा ऐकत होता. "तिथला मोठा माणूस आहे."

"मोठा असेल त्याच्या घरी." मी सलाम परत घातला. त्याने परत कापला. मी परत घातला. त्याने परत कापला आणि खाली लिहिलं: "इथे अभिवादन काढून टाकतो, म्हणजे प्रश्न स्वच्छ दिसतो. कृपया पुन्हा घालू नका."

मी लिहिलं: "आमच्याकडे सलामाला उत्तर न देणाऱ्याला कुणी पाणीसुद्धा विचारत नाही."

त्याने लिहिलं: "मला पाणी नको आहे. कोड दाखवा."

ओसेवेला एवढं हसू आलं की त्याला ठसका लागला. मलाही आलं, पण मी दाखवलं नाही. भांडणात आधी हसेल तो हरला.

"आता तू बस," मी म्हटलं. "काय तो कोड दाखव त्या पक्ष्याला."

इथे मात्र पोराने जीव ओतला. त्यांचा एक रिवाज आहे आणि तो मला आवडला, खोटं कशाला बोलू. आपलं सगळं घर उपसून लोकांपुढे टाकायचं नाही. कापत कापत जायचं, जेवढ्यात दुखणं दिसतं तेवढाच तुकडा ठेवायचा, आणि तो असा हवा की समोरच्याला जसाच्या तसा चालवून बघता आला पाहिजे. ओसेवे दुपारभर कापत बसला. मी त्याला गरम तळलेली मांदाझी भरवत होते. शेवटी सुबकसा तुकडा उरला, तो त्याने टाकला.

शुक्रवारी सकाळी कार्यक्रम आटोपून येते तो बगळ्याचं उत्तर हजर. लांबलचक, नीटनेटकं, आणि इतकं समजेल असं की मलाही कळलं. म्हणे, मेसेज येतो तेव्हा तुमचा प्रोग्राम तो घेतो आणि मांडत बसतो, पण पाठवणाऱ्याला 'मिळाला' असं उलट सांगतच नाही. पाठवणाऱ्या यंत्राला वाटतं, पोचला नाही. म्हणून ते पुन्हा पाठवतं, पुन्हा पाठवतं. आधी 'मिळाला' म्हणा, बाकीची कामं नंतर करा.

मी ते दोनदा वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून अशी हसले की म्झे बाहेर डोकावले.

"म्हणजे दारात कुणी ओयावोरे म्हणून सकाळचा सलाम करतंय," मी ओसेवेला म्हटलं, "आणि तुझं यंत्र शुंभासारखं गप्प! म्हणून तो बिचारा बाहेर उभा राहून ओयावोरे, ओयावोरे करतोय! अरे, आजीने काही शिकवलं होतं की नाही तुला?"

"आंटी, पुरे."

"पुरे कसं? लिही त्या बगळ्याला. लिही, बघा हो, तुमच्या यंत्रांनाही सलामाचं उत्तर लागतं, तुम्हालाच तेवढं नको."

ओसेवेने लिहिलं नाही, म्हणून मीच लिहिलं. बगळ्याची एक ओळ आली: "हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं." आणि जरा वेळाने आणखी एक: "कार्यक्रम किती वाजता असतो?" मी वेळ कळवली आणि सांगितलं की इंटरनेटवरही ऐकू येतो. हे संभाषण विषयाला सोडून असल्याचं सांगून कुणीतरी त्या शेवटच्या ओळी लगेच पुसून टाकल्या, आधीचं भांडण तेवढं राहिलं. तेवढ्याने मला राग आला नाही. मला हवं ते मिळालं होतं, आणि ओसेवे टकाटक टाइप करत होता.

शनिवार उजाडला. काचेपलीकडे म्झे, त्यांच्या शेजारी टाय लावलेले साबणसाहेब. अलीकडे मी, आणि माझ्या कोपराशी ओसेवे, घामाने डबडबलेला.

पहिला मेसेज आला. कोण? ओलांगो! सासूलाच! मी वाचला आणि श्वास धरून बसले. पुढचा आला. तो केंडू बेच्या शाळामास्तरांचा. मग रुसिंगाच्या गायकमंडळाचा. ओलांगो पुन्हा आला नाही. मी टेबलाखालून ओसेवेचा हात असा दाबला की तो कळवळला.

आणि मग स्क्रीनवर आलं: "हॅलो वर्ल्ड. कुरितीबा, ब्राझील." त्याखाली: "हॅलो वर्ल्ड, हनोईहून." मग "टेस्ट. टेस्ट. मला ऐकू येतंय का?" मग रीगा. मग आणखी कुठलं तरी गाव, ज्याचं नाव मला उच्चारता येईना. एकावर एक, मुंग्यांसारखे.

मी गाणं लावलं आणि ओसेवेकडे वळले. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आंटी, मी मेलो. तो तुकडा टाकला ना, लोकांना चालवून बघता यावा म्हणून... त्यात आपल्या स्क्रीनचा खरा पत्ता तसाच राहिला. तिकडे तुझं नि बगळ्याचं भांडण गाजतंय. लोक वाचायला येतायत आणि चालवून बघतायत. सगळे आपल्याच स्क्रीनवर पडतायत."

"आणि हे 'हॅलो वर्ल्ड' काय आहे?"

"प्रोग्रामर पहिली चाचणी घेतो तेव्हा तेच लिहितो. कुठलाही प्रोग्रामर. शिकताना पहिलं वाक्य तेच असतं."

"म्हणजे हे तुमचे सलाम कापणारे," मी म्हटलं, "यांनी आयुष्यात पहिला केला तो सलामच?"

म्झे काचेवर टकटक करत होते. गळ्यावरून बोट फिरवत होते: बंद कर. गाणं संपत आलं होतं. माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. ओसेवेला सगळं पुसायला सांगायचं आणि तोवर साबणसाहेबांपुढे गाण्यांवर गाणी लावायची, किंवा समोर येईल ते वाचायचं. मी माइक उघडला.

"मंडळी, आज आपल्याकडे पाहुणे आलेत. ब्राझीलच्या कुरितीबाहून सलाम आहे, वर्ल्ड नावाच्या गृहस्थांना. हनोईहूनही त्यांनाच. रीगाहूनही त्यांनाच. हे वर्ल्ड कुणाचे कोण, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. माणूस फार लोकप्रिय दिसतोय."

लगेच कारुंगूहून आलं: "वर्ल्ड आमच्या आत्याचा नवरा. बरा आहे. सगळ्यांना उलट सलाम." होमा बेहून: "खोटं बोलतोय, वर्ल्ड आमचा आहे." काचेपलीकडे साबणसाहेब तोंडावर रुमाल धरून हलत होते. म्झेंचं बोट गळ्यापाशीच थांबलं होतं.

त्या गर्दीत एक लांब मेसेज आला. मी वाचायला घेतला. "मी राखी बगळा. खरं नाव ल्युबेन, गाव प्लोवदिव. मी ऐकतोय. मलाही सलाम पाठवायचा आहे, पण कुणाला ते ठरेना. इतकी वर्षं रोज उत्तरं देतो, मात्र माझं नाव आजवर कुणी विचारलं नाही. तुम्हीच माझ्याकडून कुणाला तरी सांगा."

त्याच्याशी मी भांडले होते ते मजेत भांडले होते, पण नाव मीही विचारलं नव्हतं.

"ऐकलंत?" मी म्हटलं. "प्लोवदिवचा ल्युबेन म्हणतोय, सलाम कुणाला पाठवू कळत नाही. आमचा हा कार्यक्रम आज नीट चालतोय तो त्याच्यामुळे. आता बघू या म्बिता काय करते ती."

काय करते! स्क्रीन नुसती धावायला लागली. सिंदोच्या सगळ्या होड्यांकडून ल्युबेनला. केंडू बेच्या सातवीच्या वर्गाकडून ल्युबेनला, त्याच्या आईवडिलांना आणि गुरांना. रुसिंगाच्या विधवा मंडळाकडून, लग्न झालंय का ते कळवावे. बाजारातल्या चपातीवालीकडून. कुरितीबाकडूनसुद्धा, आता नावानिशी. प्रत्येकाचा एकेकदाच. मी वाचत होते, हसत होते, घशाला कोरड पडली होती, आणि खरं सांगते, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

मान वर केली तर काचेपलीकडे साबणसाहेब म्झेंच्या कानाला लागले होते. म्झेंनी मान हलवली आणि खाली बघत फोनवर काहीतरी टिपू लागले. वाटलं, झालं, वेळ गेली. पण थांबायची सोय नव्हती, मेसेज येतच होते, मी वाचतच होते.

"ओगोला, म्बिता, यांच्याकडून," मी वाचलं, "प्लोवदिवच्या ल्युबेनला सलाम. ओसेवेला सलाम. साबणवाल्या पाहुण्यांना सलाम, पुढच्या शनिवारपासून ते हाच कार्यक्रम चालवायचा खर्च देणार आहेत, गाणी नकोत म्हणाले. आणि अपोंदीला सलाम, तिने ही वेळ सोडून कुठेही जाऊ नये."

शेवटचा शब्द तोंडातून बाहेर पडला तेव्हा कुठे मला कळलं मी काय वाचलंय ते. काचेपलीकडे म्झे उभे होते, कोटाची बटणं लावत, आपलं नाव वाचलं गेलेला कुठलाही माणूस उभा राहतो तसे. मी तोंड उघडलं. आवाज म्हणून फुटेना. ओसेवे गाणं लावायचं विसरला, तो माझ्याकडेच बघत बसला होता. रेडिओवर नुसती शांतता.

तेवढ्यात स्क्रीनवर कारुंगूच्या एका म्हातारीचा मेसेज आला: "रेडिओ बिघडलाय की बाई रडतेय?"

मी बाहीने नाक पुसलं आणि तोही वाचला.