मऊसर की कात्रीबाई

भाचीने वहीचं पान टरकन फाडलं, मधोमध उभी रेघ ओढली आणि ते मावशीच्या टेबलावर, साच्यांच्या शेजारी ठेवलं.

"हे बघ मावशी. डावीकडे मऊसर, उजवीकडे कात्रीबाई. विषय तोच, इंग्रजी आणि कथालेखन. पुस्तकंही तीच. फरक फक्त शिकवणाऱ्याचा. शुक्रवारपर्यंत कुणाचा तरी एक वर्ग घ्यायचा."

"मऊसर हे काय आडनाव झालं?"

"आडनाव कुठलं! सर इतके मऊ आहेत, की मुलांनी दोन्ही शब्द जोडूनच टाकले. नुसतं हजर राहायचं, चांगले मार्क मिळतात. आणि या कात्रीबाई. गेल्या वर्षी तीसजण बसले होते, शेवटी उरले सतरा. तू डोळे मिटून मऊसर घे."

मावशी चव्वेचाळीस वर्षांची होती. त्यातली चोवीस वर्षं तिने कवळ्या करण्यात घालवली होती. दंतवैद्याकडून माणसाच्या जबड्याचा ठसा यायचा, त्यावरून ती साचा करायची, मेणात एकेक दात बसवायची, आणि कवळी तयार झाली की हिरडीला कुठे टोचणार नाही इतकी घासायची. तिच्या हाताला तोड नव्हती. पण सतराव्या वर्षी इंग्रजीने तिला दोनदा नापास केलं होतं, आणि त्यानंतर तिने कॉलेजच्या नावाने कानाला खडा लावला होता. आता मालकांकडून सकाळची पाळी मागून घेऊन ती पुन्हा पहिल्या वर्षाला बसली होती. भाची त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. म्हणजे घरी धाकटी आणि कॉलेजात थोरली. थोरलेपणाचा तोरा ती पुरेपूर मिरवत होती.

"पहिल्या आठवड्यात कुठल्याही वर्गात बसता येतं ना?" मावशीने विचारलं. "मग मी दोन्हीकडे बसून बघते. ठसा घेतल्याशिवाय मी कुणाची कवळी केलेली नाही."

सोमवारी ती मऊसरांच्या वर्गात गेली. मोठ्या खिडक्यांची उजळ खोली, गोल मांडलेल्या खुर्च्या. सर स्वतः दारात उभं राहून प्रत्येकाला नमस्कार करत होते. माणूस खरंच लाघवी. ज्याला वाचायचं त्याने वाचावं, म्हणाले. मावशीने घरून तीन पानं लिहून आणली होती. विषय तिच्या कामातलाच होता, एका म्हाताऱ्या पोस्टमनची कवळी. धीर करून तिने वाचायला घेतलं. वाचून संपायच्या आतच सर म्हणाले, "वा! काय ओघ आहे! एक शब्द इकडचा तिकडे करू नका."

मावशी तरंगतच जिना उतरली. खाली येऊन पानं पिशवीत ठेवताना तिच्या लक्षात आलं, की पहिल्या पानानंतर आपण थेट तिसरं वाचलंय. दुसरं पान पिशवीतच होतं. पहिल्या पानावर पोस्टमन दारात उभा होता, आणि तिसऱ्यावर कवळी घालून घरी निघाला होता. मधे काय झालं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

बुधवारी कात्रीबाई. तळघरातली खोली, पंखा कुरकुरणारा, एका खुर्चीचा पाय आखूड. बाई साठीच्या, बारीक चणीच्या, कानामागे लाल पेन्सिल. मावशीने या वेळी पानं दोनदा मोजून घेतली होती. पण दुसऱ्याच वाक्याला बाईंनी हात वर केला.

"'त्यांचं हसू फार सुंदर होतं.' सुंदर म्हणजे कसं?"

"म्हणजे... छान."

"छान म्हणजे कसं? मी त्यांना पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय."

वर्गातली पोरं खाली बघू लागली. मावशीचे कान तापले. "त्यांच्या जुन्या फोटोत पुढच्या दोन दातांमध्ये फट होती," ती जरा तडकूनच म्हणाली. "पोस्टकार्ड उभं सरकेल एवढी. त्या फटीतून ते शिट्टी वाजवायचे. गल्लीच्या तोंडाशी शिट्टी ऐकू आली, की लोक पत्रं घ्यायला बाहेर यायचे."

"मग हे का नाही लिहिलंत?" बाई शांतपणे म्हणाल्या. "पुढचा कोण?"

दातओठ खातच मावशी घरी परतली. तळघरात बसून एवढा तोरा! बसमध्ये ती बाईंना मनातल्या मनात सुनावत राहिली. सुनावता सुनावता तिला आठवलं, की ती शिट्टी दोन सुरांची होती, एक खालचा आणि एक वरचा. मग आठवलं, की नवीन कवळी बसवल्यावर पोस्टमनकाकांनी आरशात बघून आधी हसायचं सोडून ओठांचा चंबू केला होता, आणि नुसतीच हवा आली होती. तिचा थांबा कधीच मागे गेला होता.

शुक्रवारी तिने अर्जावर कात्रीबाईंचा वर्ग लिहिला.

"डोकं फिरलंय तुझं!" भाची किंचाळली. "तू नापास झालीस, तर आई मला जबाबदार धरेल."

"ताईला मी सांगते. आणि नापास व्हायची मला सवय आहे."

म्हणायला म्हणाली खरी, पण पुढचे दोन महिने तिच्या नाकी नऊ आले. सकाळी कवळ्या, दुपारी वर्ग, मधल्या वेळात बसस्टॉपवर, जेवणाच्या सुट्टीत, दंतवैद्याच्या बाकावर बसून लिखाण. इंग्रजी क्रियापदं तिच्या हातातून साबणासारखी निसटायची. बाई पानं परत द्यायच्या ती लालेलाल. एकदा तर चार पानांतली सहाच वाक्यं शाबूत राहिली. सहामाहीत तिला पन्नासपैकी सोळा मिळाले. सोळा! पास व्हायला वीस लागत होते. वर्ग बदलायची शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. भाचीने बदलीचा अर्ज आणून तिच्या हातात दिला. मऊसरांकडे अजून जागा होती.

मावशी कार्यालयासमोरच्या रांगेत उभी राहिली. पुढे सातजण होते. वेळ काढायला म्हणून तिने ती सोळा मार्कांची पानं उघडली. शेवटच्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात बाईंनी लिहिलं होतं, 'मेण गरम करतानाच्या या तीन ओळी फक्त तुम्हीच लिहू शकता. बाकीचं कुणीही लिहिलं असतं. बाकीच्या वेळी तुम्ही कुठे होतात?'

तिने ते दोनदा वाचलं. चोवीस वर्षांत तिच्या कामाकडे कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं, आणि इथे तर तिच्या वाक्यांकडे पाहिलं जात होतं. रांग पुढे सरकली. मावशी बाजूला झाली, भिंतीला अर्ज टेकवला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर पोस्टमनची गोष्ट पहिल्यापासून लिहायला घेतली.

शेवटचं लिखाण वर्गात सगळ्यांसमोर वाचायचं होतं. आदल्या आठवड्यात बाईंनी पानं तपासून परत दिली. मावशीच्या गोष्टीत या वेळी लाल रंग कमी होता, पण मधला एक अख्खा परिच्छेद उभा-आडवा खोडला होता. पोस्टमनकाका परत येऊन म्हणतात, 'दात झकास आहेत हो, पण ते माझे नाहीत.' मग मावशी दंतवैद्याची परवानगी काढते, आणि कवळीतले पुढचे दोन दात वेगळे करून बारीक कानशीने त्यांच्यात फट पाडते. थोडं घासायचं, फुंकर मारायची, काकांना द्यायचं. नुसती हवा. पुन्हा घासायचं. असं सात वेळा. तोच परिच्छेद. शेजारी बाईंचा शेरा होता, 'तांत्रिक. वाचक कंटाळेल.'

मावशी वाचायला उभी राहिली आणि तिने तो परिच्छेद वाचायला सुरुवात केली.

"ते खोडलंय मी," बाई म्हणाल्या.

"हो बाई. पण ते राहायला हवं."

बाईंना 'पण' म्हणणारं अजून कुणी जन्मलं नाही, असं कॉलेजात म्हणत.

"का?"

मावशी पान खाली न ठेवता म्हणाली, "कारण ते काढलं, तर शिट्टी फुकटात मिळते. काकांनी सात वेळा फुंकलं, सात वेळा नुसती हवा आली. सातव्या वेळी ते म्हणाले, राहू दे पोरी. तो कंटाळा, ती निराशा वाचणाऱ्यालाही यायला हवी. नाहीतर आठव्या वेळी सूर निघतो, त्याचं त्याला काय? तुम्ही पहिल्याच दिवशी मला म्हणालात, मी पाहिलेलं नाही, तुम्ही पाहिलंय. हे मी पाहिलंय, बाई. माझ्या अंगठ्याने घासलंय."

बाईंनी हात पुढे केला. मावशीने पान दिलं. बाईंनी तो परिच्छेद मनाशी वाचला, मग उभं राहून मोठ्याने वाचला. घासणं, फुंकर, हवा. घासणं, फुंकर, हवा. सातव्या हवेला मागच्या बाकावरची मुलगी श्वास धरून पुढे झुकली. आठव्या वेळी शिट्टी वाजली, दोन सुरांची, आणि कानस हातात धरून मावशी रडली, तिथवर बाई वाचत गेल्या. मग आखूड पायाच्या खुर्चीतल्या मुलाने टाळी वाजवली, आणि पाठोपाठ सगळी खोली कडाडली.

बाईंनी पर्समध्ये हात घातला, खोडरबर काढला आणि आपल्याच लाल रेघा एकेक करून पुसल्या. पाच मिनिटं लागली. सगळा वर्ग बघत होता.

"तुमचं बरोबर होतं," पान परत देताना त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. आणि हे तुम्ही मला पटवून दिलंत, त्याचे मार्क वेगळे."

निकाल लागला तेव्हा मावशी वर्गात दुसरी आली होती. ज्या इंग्रजीने तिला दोनदा लोळवलं, त्याच इंग्रजीत शंभरपैकी एक्क्याऐंशी! भाची गर्दीतून वाट काढत फळ्यापाशी पोचली, आकडा बघून तिथेच नाचली आणि मावशीच्या गळ्यात पडली. मावशीने ताईला फोन लावला. ताईला आधी वाटलं, आपल्या लेकीचाच निकाल सांगतेय.

"अगं नाही, माझा!" मावशी भर व्हरांड्यात ओरडली. "माझा निकाल, ताई! मी पास झाले, आणि तेही कात्रीबाईंकडे!"

दोन पोरी थांबून बघायला लागल्या. बघू देत. चव्वेचाळीस वर्षांची बाई कॉलेजच्या व्हरांड्यात पिशवी छातीशी धरून खदखदून हसत होती. आवाज खाली आणायचा तिचा काही विचार नव्हता.