चित्रात नसलेली खोली

आयव्ही हॉलरॉइड टॅक्सीतून उतरली आणि वेस्टमोर हॉटेलकडे बघून तिला वाटलं, आपण भलत्याच पत्त्यावर आलो. लाल विटा, दोन टोकांना दोन मनोरे, पहिल्या मजल्यावर लोखंडी नक्षीचा सज्जा. दीडशे वर्षांपूर्वी राणीच्या काळात होतं तसंच्या तसं. तिने बघितलेलं वेस्टमोर असं कधीच नव्हतं.

एकसष्ट साली, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ते काजळीने काळं पडलं होतं आणि मनोरा एकच उरला होता. मग सज्जा गंजला म्हणून कापून टाकला. मग एका मालकाने सगळ्याला पांढरा रंग फासला, पुढच्याने समोर काचेची खोली चिकटवली, त्याच्या पुढच्याने गुलाबी रंग दिला, तो दोन हिवाळ्यांत सोलवटला. प्रत्येकाला वाटायचं, तोंड रंगवलं की गिऱ्हाईक येईल. आत नळाला गरम पाणी येतंय की नाही, हे बघायला कुणाला सवड होती? बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

हे सगळं तारीखवार पोस्टकार्डांवर उतरलं होतं. उन्हाळ्यात एक आठवडा आयव्हीच्या गावच्या सगळ्या गिरण्या एकदम बंद व्हायच्या आणि गावच्या गाव उठून समुद्रावर यायचं. आयव्ही आणि तिचा नवरा वॉल्टर एकतीस वर्षं वेस्टमोरलाच उतरले. आल्या दिवशी वॉल्टर हॉटेलचं चित्र असलेलं कार्ड घ्यायचा, आणि सगळेच करायचे तशी आपल्या खिडकीवर पेनाने फुली मारून ते आयव्हीच्या बहिणीला, म्युरिएलला धाडायचा. म्युरिएलने बँकेतला नवरा केला होता. गिरणीतल्या मेव्हण्याचा विषय निघाला की बाई नाकाने कांदे सोलायच्या.

वॉल्टरची फुली मात्र साफ खोटी असायची. तो ती दुसऱ्या मजल्यावरच्या, समुद्राकडच्या, मधल्या मोठ्या खिडकीवर मारायचा. त्यांची खरी खोली सत्तावीस नंबरची, मागच्या जोडइमारतीत, स्वयंपाकघराच्या अंगणावर. खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसायचे आणि पहाटे पाचला भांड्यांचा खणखणाट सुरू व्हायचा.

"एक दिवस पकडला जाशील, वॉल्टर."

"तुझी बहीण? अगं, वाऱ्याने केस विसकटतील म्हणून ती इकडे फिरकायचीसुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. चिकटव तिकीट!"

मग त्या अरुंद पलंगावर दोघं पोट धरून हसायची.

वॉल्टरला जाऊन चौदा वर्षं झाली होती. म्युरिएल या वसंतात गेली, आणि तिच्या कपाटात एकतीसच्या एकतीस कार्डं फितीने बांधलेली सापडली. त्याच सुमारास पेपरात आलं, वेस्टमोर मूळ रूपात पुन्हा उघडतंय, जुनी चित्रं असतील तर पाठवा. आयव्हीने कार्डं पाठवली. उत्तर आलं, एक रात्र आमच्या पाहुण्या म्हणून या. तिने तेव्हाच ठरवलं, सत्तावीस नंबर मागायची. घरात तिच्याशी रेडिओशिवाय कुणी बोलत नव्हतं. पोटभर हसल्याची शेवटची आठवण त्या खोलीतली होती, आणि तिथे तिला एकदा, भांडी वाजेपर्यंत, झोपायचं होतं.

"मिसेस हॉलरॉइड ना? या, या!" मॅनेजर कर्स्टी दारातच सामोरी आली. तिशीची, हसतमुख. "तुम्ही तर आम्हाला तारलंत. सज्ज्याची नक्षी तुमच्या पहिल्या कार्डावरून घडवून घेतली."

आतल्या भिंतीवर कार्डं मोठी करून ओळीने लावली होती. एकतीस हॉटेलं, एकतीस फुल्या.

"रंग कितीही बदलू दे, फुली जागची हलत नाही," कर्स्टी म्हणाली.

"वॉल्टर हट्टी होता."

"म्हणून तुमच्यासाठी तीच खोली ठेवलीय. फुलीवाली!"

"पोरी, मला मागे चालेल गं. सत्तावीस नंबर."

"मागची जोडइमारत? ती फेब्रुवारीतच पाडली. कुणीतरी नंतर चिकटवलेली होती, ती ठेवून मूळ रूप कसं येणार? आणि तिथे होतं काय बघण्यासारखं? एवढी चित्रं आली, एकातसुद्धा ती नाही." कर्स्टी थबकली. "पण सत्तावीस नंबर तुम्हाला कसा माहीत?"

आयव्ही भिंतीवरच्या फुल्यांकडे वळली. कर्स्टीने हातातला कागद पुढे केला. "इथे पाटी लावायचीय. 'वॉल्टर आणि आयव्ही हॉलरॉइड, समुद्राकडची खोली, एकतीस उन्हाळे.' बरोबर आहे ना?"

खरं सांगितलं तर निदान पाटीवर तरी ती खोली उरली असती. आता ती फक्त आयव्हीच्या डोक्यात होती, आणि ते डोकं शहात्तर वर्षांचं. पण मग येणारा-जाणारा वॉल्टरला हसला असता. ते हसू दोघांचं होतं, लोकांचं नव्हतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "सत्तावीसमध्ये आमच्या ओळखीचं एक जोडपं उतरायचं. गरीब होती बिचारी. पण हसरी फार."

कर्स्टीने तिला वर नेलं, पडदे सरकवले आणि चहा पाठवते म्हणून ती खाली गेली. भरती होती. खिडकीभर समुद्र होता, दुसरं काहीच नव्हतं. आयव्हीने कोटसुद्धा काढला नाही. समुद्र सुंदर दिसत होता आणि तिला त्याचा भयंकर राग आला.

कार्ड लिहिण्याआधी वॉल्टर रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहायचा आणि मान वर करून खिडक्या मोजायचा. मधल्या खिडकीपाशी आला की बराच वेळ तिथेच बघत राहायचा. "चल की रे, पाय दुखले," असं म्हणून ती त्याला ओढून न्यायची. तिला वाटायचं, म्युरिएलची जिरवायला चाललंय हे. त्याला ही खिडकी हवी होती. तिच्यासाठी हवी होती. दर उन्हाळ्यात तो तिला ते सांगत होता, आणि एकतीस वर्षं तिने ते हसण्यावारी नेलं होतं.