कुंकवाचं बोट

दादरच्या स्टुडिओत आज श्रेयाची चाचणी होती. एका चित्रपटातला हळदीकुंकवाचा प्रसंग अंध प्रेक्षकांसाठी शब्दांत मांडायचा. जमलं तर अख्खा चित्रपट तिला मिळणार होता. तपासायला दोघं होती. इरावती अशी वर्णनं बरीच वर्षं लिहीत होती. गंगाधरकाकांना जन्मापासून दिसत नव्हतं. वर्णन ऐकून प्रसंग कळतो का, हे ते सांगायचे.

श्रेयाने वाचलं, "राधा बकुळाला कुंकू लावत नाही, कारण बकुळा विधवा आहे."

"विधवा कुठे दिसली तुला?" इरावतीने विचारलं.

"लावलं नाही ना मॅडम तिला."

"मग तिला बोलावलंच कशाला असतं?"

"आमच्या लालबागच्या चाळीत येतात की. वाण भरायला मदत करतात, गप्पा मारतात. फक्त कुंकू लावत नाहीत."

"मला वाटलं, दोघींचं भांडण आहे. जे दिसतं तेवढंच लिही."

श्रेयाने नवं वाक्य केलं, "राधाचा हात पुढे सरकतो."

"हात काय बस आहे, नुसता पुढे सरकायला?" काका म्हणाले. "कुणाकडे? आणि बकुळाच्या कपाळावर टिकली आहे की नाही?"

"पाठमोरी बसलीय ती."

काचेपलीकडून रेकॉर्डिंग सांभाळणारा मयूर म्हणाला, "मला तर वाटलं, कुंकू संपलं."

श्रेया गोंधळली. तिने प्रसंग पुन्हा लावला, पुन्हा बघितला. मग लिहून वाचलं, "राधा बोटावर कुंकू घेते. बोट पाठमोऱ्या बकुळाच्या कपाळापाशी नेते. थांबते. तेच बोट शेजारी बसलेल्या बाईच्या कपाळाला लावते."

काकांनी मान हलवली. "का थांबली, ते काही कळलं नाही बुवा."

श्रेयाचा चेहरा उतरला. "मी ते 'कारण' परत घालते."

"थांब," इरावती म्हणाली. "काका, आम्हालाही कळलेलं नाही. तिघं बघतोय, तिघांचं वेगळंच चाललंय."

"खरंच?"

"खरंच. इथपर्यंत चित्रपटात कुणीच सांगितलेलं नाही."

"मग असू दे. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाच सांगत नाही."

श्रेया दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "मग मी पास की नापास?"

"तुला अजून ती विधवाच वाटते?" इरावतीने विचारलं.

"हो."

"वाटू दे. सोमवारी ये, पुढचा प्रसंग घेऊ."