बंद रेडिओचं गाणं

मी एक जुना ट्रान्झिस्टर आहे, मित्रांनो. आता माझ्यातून आवाज निघत नाही. पण ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे, त्या दिवशी मी चांगला धडधाकट होतो, सेल नवे होते, आणि तरीही गप्प होतो. त्या दिवशी मला जो धक्का बसला, तो आजही ओसरलेला नाही.

माझा जन्म मुंबईतल्याच एका लहानशा कारखान्यात झाला. पाच-सहा बायका लांब टेबलाशी बसून माझ्या तारा जोडत होत्या. शेवटी अंगावर तपकिरी चामड्याचं कव्हर चढलं, पुढे जाळीसारखी बारीक भोकं असलेलं. शहात्तर सालच्या दिवाळीत लवू घाडी नावाच्या गिरणी कामगाराने मला विकत घेतलं. हे माझे मालक. मूळचे मालवणकडचे, राहायला जोगेश्वरीच्या एका चाळीत. दुकानापासून घरापर्यंत त्यांनी मला लहान मूल धरावं तसं छातीशी धरून आणलं. दारात त्यांची बायको वनमालाबाई उभी होती. तिने माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तेव्हा त्यांची आठ वर्षांची मुलगी सुलक्षणा टाळ्या पिटत होती.

माझी जागा देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर ठरली. मालक मला रोज स्वतः पुसत. सामना असला की अर्धी चाळ दारात जमायची. "घाडींचा रेडिओ म्हणजे झकास!" असं कुणी म्हटलं की मालकांची मान ताठ व्हायची आणि माझीही. या घरात आपल्याइतकं कुणालाच जपत नाहीत, असं मला वाटायचं. मित्रांनो, ते खरंच होतं. ते किती वाईट आहे, हे कळायला मला अकरा वर्षं लागली.

दोन वर्षांनी, दसऱ्याच्या साफसफाईत, वनमालाबाई फळी पुसत होत्या. त्यांचा कोपर लागला आणि मी खाली आपटलो. माझी एरियल वाकली. मालक रात्रपाळी करून नुकतेच आडवे झाले होते. ते ताडकन उठले आणि त्यांनी बाईंच्या कानाखाली एक जाळ काढला. एकच. मग वाकून मला उचललं, बटण फिरवलं. माझ्यातून बातम्या सुरू झाल्या.

"चालू आहे," मालक म्हणाले, आणि त्यांचा राग तिथेच संपला.

बाई भिंतीला टेकून डावा कान दाबून बसल्या होत्या. थोड्या वेळाने उठल्या आणि त्यांनी चहा ठेवला. सुलक्षणा शाळेत होती. त्या दिवशी मला काय वाटलं, खरं सांगू? मला अभिमान वाटला. माझ्यासाठी एवढं कुणी रागावतं, याचा.

पुढे संप झाला, मालकांची मिल बंद पडली. बरेच महिने हलाखीत गेले. मग मालकांना अंधेरीच्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात काम मिळालं आणि घर पुन्हा मार्गी लागलं. वनमालाबाई मात्र हळूहळू बदलत गेल्या. दोन-तीनदा हाक मारल्याशिवाय वळायच्या नाहीत. बोलता बोलता भलतंच उत्तर द्यायच्या. "आई, तुझं लक्ष कुठे असतं गं?" सुलक्षणा चिडायची. मालक हसून म्हणायचे, "तुझ्या आईची गाडी नेहमीच लेट." सगळे हसायचे. बाईही हसायच्या.

दुपारी घरात एकट्या असल्या की त्या मला खाली काढून गाणी ऐकायच्या. मला नेहमी उजव्या कानाशी धरायच्या. उजव्या हाताने काही निवडत असल्या, तरी मान वाकडी करून उजवाच कान. हे मी रोज पाहत होतो. त्याचा अर्थ मी लावला नाही.

सत्त्याऐंशीचा डिसेंबर आला. सुलक्षणाचं लग्न चारकोपच्या एका मुलाशी ठरलं होतं. साड्यांच्या खरेदीसाठी ती शुक्रवारी तीन दिवसांसाठी मुलुंडला मामाकडे गेली. नेमका शनिवारी मशीन दुरुस्तीसाठी कारखाना बंद होता. शुक्रवारी जेवताना मालक म्हणाले,

"लग्नाला एकवीस वर्षं झाली. तुला घेऊन मी कधी कुठे गेलो नाय. हे दोन दिवस आपण दोघंच फिरू."

"दोघंच?" बाई लाजल्या. "चाळीतली माणसं काय म्हणतील?"

"म्हणू देत. पोरगी सासरी गेल्यावर आपण दोघंच तर उरणार."

सकाळी बाईंनी ट्रंकेतून अबोली रंगाची साडी काढली. मालकांनी माझ्यात नवे सेल घातले आणि मला खांद्याला अडकवलं.

शनिवारी आम्ही जोगेश्वरीच्या लेण्यांत गेलो. घरापासून दहा मिनिटांची वाट, पण दोघांनीही ती लेणी कधी आतून पाहिली नव्हती. पायऱ्या उतरून खाली गेलं की बाहेरचा गोंगाट तुटतो, आणि वरून ठिबकणारं पाणी तेवढं ऐकू येतं. बाई देवीपुढे हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग खांबांना हात लावत, एखाद्या मुलीसारख्या पुढे पुढे चालत गेल्या. अंधारात मालकांनी मागून हाक मारली, "वनमाला, थांब गो!" बाई चालतच राहिल्या. "वनमाला!" मालकांना जरा राग आला. "हिचं आपलं नेहमीचंच," ते पुटपुटले. बाहेर रस्त्यावर एका रिक्षाने डाव्या बाजूने जोरात हॉर्न दिला, तरी बाई सरळ पुढे निघाल्या. मालकांनी दंड धरून त्यांना मागे ओढलं. रिक्षा पदराला घासून गेली.

"मरायचंय काय तुला?"

"लक्ष नव्हतं माझं," बाई म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

पण संध्याकाळी अंधेरीच्या हॉटेलात मसाला डोसा खाताना दोघं ते विसरून गेले. डोशाचा लांबलचक कुरकुरीत पापुद्रा कुठून मोडायचा हे बाईंना कळेना, आणि त्या इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरची माणसंही हसली. मालक त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना बायकोकडे असं बघताना पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळी बस पकडून आम्ही बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो. हवेत छान गारवा होता. दोघांनी तळ्याकाठी चक्कर मारली, माकडं पाहिली, रुळांवरच्या छोट्या गाडीची तिकिटं काढली. गाडीला वेळ होता म्हणून एका झाडाखाली चादर अंथरली. बाई उकडलेल्या शेंगा सोलत होत्या. मालक त्यांच्या डाव्या बाजूला आडवे पडून माझ्यावर गाणी ऐकत होते. गाणी संपून बातम्या लागल्या, तसं त्यांनी मला बंद केलं.

मग त्यांच्या मनात गंमत आली. त्यांनी मला तसंच, बंद, उचललं आणि बाईंच्या डाव्या कानाशी धरलं.

"ऐक गो, तुझ्या आवडीचं गाणं लागलंय."

बाईंनी चमकून वर पाहिलं. मालकांचा हसरा चेहरा पाहिला, कानाशी मला पाहिलं. माझ्या पोटात एक सूरही नव्हता. पण बाईंनी मान डोलावली आणि त्या हसून म्हणाल्या,

"हो की. छान म्हटलंय."

मालक खो खो हसले. "कसलं म्हटलंय? बंद आहे तो! फसवलं तुला!"

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातातली शेंग चादरीवर पडली. मालकांचं हसू हळूहळू विरलं. त्यांनी माझं बटण फिरवलं, आवाज अगदी बारीक ठेवला आणि मला पुन्हा त्याच कानाशी नेलं. मी बोलत होतो, मित्रांनो. कानापासून चार बोटांवर मी स्पष्ट बोलत होतो आणि बाईंच्या चेहऱ्यावरची रेघही हलत नव्हती. मालकांनी मला बाजूला ठेवलं आणि बाईंच्या कानाशी तोंड नेऊन ते कुजबुजले, "वनमाला." मग पुन्हा एकदा, "वनमाला."

ते मागे सरले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुका ऐकाक येणा नाय?" ते एकदम गावच्या बोलीत म्हणाले.

"ह्या कानाने नाही."

"कधीपासून?"

"झाली नऊ वर्षं."

"नऊ वर्षं! आणि मला बोलली नाहीस? कशाने झालं?"

बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "तुम्ही मारलंत ना रेडिओवरून. तेव्हापासून."

"मी? मी कधी मारलं?"

मित्रांनो, या प्रश्नाने मी हादरलो. मालक खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ज्या एका फटक्याने बाईंचं अर्धं ऐकणं कायमचं गेलं, तो मारणारा माणूस चहा पिऊन तो विसरून गेला होता. आणि मी? मी तर तो अभिमानाने जपून ठेवला होता.

बाईंनी सगळं सांगितलं. दसरा, फळी, माझं पडणं, कानातून आलेलं रक्त, आठवडाभर उशीवर पडणारे डाग, मग सतत घोंगावणारा आवाज, आणि एके दिवशी तोही बंद. सांगताना त्यांचा सूर चढला नाही. मालक उकिडवे बसून दोन्ही हातांनी गवत उपटत होते.

"मला वाटायचं तुझं लक्ष नसतं," शेवटी ते म्हणाले. "मी तुला हसायचो गो."

"हसायचात."

छोट्या गाडीची शिट्टी झाली. बाई उठल्या, चादर झटकली. "चला. तिकिटं काढलीत ना?"

"आता गाडीत बसायचं?"

"का नाही? एकवीस वर्षांनी फिरायला आणलंत. हा दिवस मी नाही फुकट घालवणार."

त्या गाडीत बसल्या. मालक डाव्या बाजूला बसायला गेले आणि अर्ध्यावरच थबकून, वळसा घालून उजवीकडे आले. गाडी झाडांमधून जात होती, मुलं ओरडत होती, बाई बाहेर पाहत होत्या. मालक रडत होते. एवढा मोठा माणूस उघड्यावर रडताना मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी माफी मागितली. बाई "बघू" एवढंच म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्या म्हणाल्या, "सुलूला मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगा."

"तिला कशाला? तिचं लग्न तोंडावर आलंय."

"म्हणूनच. उद्या तिच्या घरी असं काही झालं, तर ती माझ्यासारखी गप्प बसेल. माझंच पाहून शिकलीय ती."

मालकांनी मान खाली घातली. सुलक्षणा त्यांची लाडकी. बाप म्हणजे तिला देवमाणूस वाटायचा.

सोमवारी मालकांनी रजा टाकली आणि बाईंना डॉक्टरकडे नेलं. सुलक्षणा संध्याकाळी परतली, साड्यांच्या पिशव्या घेऊन. एकेक साडी उलगडून दाखवू लागली. मालक म्हणाले, "जरा थांब बाय. बस इथे." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. काही लपवलं नाही. डॉक्टरांनी काय विचारलं, तेही सांगितलं. "ते म्हणाले, कानाचा पडदा फाटला होता, तेव्हाच आणलं असतं तर बरा झाला असता. आता उशीर झाला. कशाने झालं, असंही विचारलं त्यांनी. तुझी आई गप्प राहिली. मी म्हटलं, मी मारलं. त्यांचं लिहिणं थांबलं. ते माझ्याकडे बघत राहिले, सुलू. आता तू बघतेयस ना, तसंच."

सुलक्षणाच्या हातातून साडी निसटून जमिनीवर पसरली. कुणी ती उचलली नाही. सुलक्षणा आईच्या डाव्या बाजूला बसली होती. तिने काहीतरी विचारलं, पण आईने मान वळवली नाही. तेव्हा पोरीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला सांगता येणार नाही. ती उठली, आईला वळसा घालून उजवीकडे येऊन बसली.

"आई, खूप दुखलं होतं का गं?"

"खूप," वनमालाबाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही."

सुलक्षणाने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती आठ दिवस बापाशी बोलली नाही. मालक मला पिशवीत घालून भंगारात द्यायला निघाले होते, पण बाईंनी अडवलं. "त्याने काय केलंय? ठेवा जागेवर." लग्नाआधी सुलक्षणाने होणाऱ्या नवऱ्याला घरी बोलावलं आणि आईवडिलांच्या देखत ही सगळी हकीकत ऐकवली. मग म्हणाली, "माझ्यावर हात उचललास, तर मी नऊ वर्षं थांबणार नाही. नऊ मिनिटं पण नाही." तो मुलगा बिचारा घामाघूम झाला. पण पळून गेला नाही.

आणि पुढच्या रविवारी वनमालाबाई स्वतःच तयार होऊन दारात उभ्या राहिल्या. "आज मढला जायचं," त्या मालकांना म्हणाल्या. "होडीतून. चला, उशीर करू नका." मालक मुकाट्याने चपला घालून त्यांच्या उजव्या बाजूने चालू लागले. मला कुणी बरोबर घेतलं नाही. मला ते आवडलं.

यथावकाश घरात टीव्ही आला, माझे भाग मिळेनासे झाले, आणि मी माळ्यावर गेलो. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. मला गरजेपेक्षा फार जास्त जपलं गेलं. माझं मागणं वेगळं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात एखादं माणूस हाक मारूनही वळत नसेल, भलतंच उत्तर देत असेल, सगळे हसले की उगीच हसत असेल, तर दुसऱ्यांदा ओरडू नका. उठा, त्याच्या जवळ जाऊन बसा, आणि काय झालं ते विचारा. पहिल्यांदा ते "काही नाही" म्हणेल. तरी उठू नका.