कुठला जांभळा

"त्या पट्टीला हात लावू नका, कालच परत टाचलीय, कच्चा दोरा आहे. उसवेल," घरमालकीण दारातून म्हणाली, आणि स्टुलावर चढलेल्या मापवालीने पडद्याकडे गेलेला हात मागे घेतला.

कापडाच्या धंद्यात तीस वर्षं काढलेल्या बाईला कापड दिसलं की बोटं आपोआप पुढे जातात. पण तिने निमूटपणे टेप सोडला, मागच्या खोलीच्या चौकटीची उंची घेतली, रुंदी घेतली आणि वहीत लिहून ठेवली. पडद्यांच्या दुकानात शिवणारे चौघे होते, विकणारे दोघे होते, पण लोकांच्या घरी जाऊन मापं घेणारी ती एकटीच. त्यामुळे निम्मं गाव तिला मापवाली म्हणूनच ओळखायचं. तिचा स्वतःचा एक नियम होता. परक्या घरात नजर कुठेही जाऊ द्यावी, पण तोंड टेपच्या पुढे जाऊ देऊ नये. या नियमाचा तिला अभिमान होता.

त्या घरात नजर मात्र जागची हलेना. खोल्यांना आतून दारं नव्हतीच, नुसते पडदे होते. प्रत्येक पडद्याच्या कडेला, कमरेपासून खांद्यापर्यंत, वेगळ्याच कापडाची हातभर पट्टी शिवलेली. स्वयंपाकघराच्या विटकरी पडद्याला पिवळी मखमल. न्हाणीघराकडच्या पोपटी पडद्याला टॉवेलच्या कापडाची जांभळी पट्टी. झोपायच्या खोलीच्या फुलाफुलांच्या राखाडी पडद्यावर नारिंगी कॉर्डरॉय. कशाचा कशाला मेळ नाही. खिडकीत एका बरणीत अकरा ब्रश उभे, आणि खिडकीबाहेर पाण्याची टाकी. घरमालकीण टपाल कचेरीतली, खिडकीवर तिकिटं विकणारी. कामाला जायची घाई असल्यासारखी ती सारखी घड्याळ बघत होती. हिने ही असली पट्टी का लावली असेल, हा प्रश्न मापवालीच्या ओठांवर येऊन बसला. तिने तो गिळला, सात दिवसांत पडदा मिळेल म्हणून सांगितलं आणि पायऱ्या उतरली.

घरी आल्यावर तिने तो प्रश्न ब्लॉगवर उतरवला.

ब्लॉग हे लेकीचं खूळ. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि दर फोनला आईकडून तीच ती कुरकुर ऐकून कंटाळली होती. एकदा ती म्हणाली, आई, तू रोज चार घरं आतून बघतेस, असं कुणाला बघायला मिळतं? लिही की. सुट्टीत आली तेव्हा तिने फोनवर सगळं लावून दिलं, 'पडद्याआडचं' असं नावही दिलं. मापवाली लिहू लागली. कुणी फुटक्या कपांत रोपं लावली होती, कुणी जुन्या शर्टांच्या खिशांची भिंतभर शिवणपिशवी केली होती, असं काहीबाही. आठवड्यातून एकदा ती स्वतःच्या शिवणकामावरही लिहायची, कारण दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांची तिने जाकिटं शिवली होती. सोफ्याच्या कापडाचं एक जाकीट घालून ती बाजारात गेली तेव्हा तीन अनोळखी बायकांनी तिला थांबवून पाठ बघितली होती. वाचणारे चाळीसच होते, पण त्या चाळिसांमुळे तिचा दिवस बदलला होता. रोजच्याच जिन्यांवर ती आता वेगळ्या नजरेने चढायची.

लिहिलेलं तपासायला घरात वन्सं होत्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि तेव्हापासून दोघी नणंद-भावजया एकाच घरात, एकमेकींशी भांडत, एकमेकींची औषधं लक्षात ठेवत राहत होत्या. वन्सं शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचं लाल पेन निवृत्त झालं नव्हतं. मापवाली आधी वहीत लिहायची, वन्सं खुणा करायच्या, मग ते फोनवर जायचं.

त्या दिवशीच्या मजकुराला तिने नाव दिलं, 'रंगांना भांडू द्या'. लिहिलं की एका घरात एका बाईने रंगांचे सगळे नियम धाब्यावर बसवलेत. भडक पिवळा, जांभळा, पोपटी, सगळे समोरासमोर उभे केलेत. अशी हिंमत आपल्यात का नाही? आपण जन्मभर बदामी पडदे का लावतो? ब्रशांची बरणी लिहिली, टाकीही लिहिली.

वन्संनी वाचलं. "अप्रतिम तीनदा आलंय, एकच ठेव. आणि काय गं, त्या बाईला विचारलंस का, असं का केलंय ते?"

मापवालीने आपला नियम सांगितला.

"मग हे हिंमत वगैरे तुझ्या मनाचं झालं," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांनी वही परत केली.

चाळीस वाचणाऱ्यांचे आठवड्याभरात अकरा हजार झाले. कुणी आपल्या पडद्यांना पट्ट्या लावून फोटो पाठवले, कुणी बाहीवर तशीच पट्टी लावली आणि तिला फॅशन म्हणून टाकलं. गिऱ्हाइकं दुकानात येऊन 'ते भांडणारे पडदे' मागू लागली. मालक हुशार माणूस. त्याने वेगळं कापड जोडण्याची मजुरी वाचवली आणि एकाच गुळगुळीत कापडावर पट्ट्या छापूनच आणल्या. दर्शनी काचेत मापवालीचा जाकिटातला मोठा फोटो लावला. रस्ता ओलांडताना तिला स्वतःचाच चेहरा समोर दिसायचा आणि उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं. पण खोटं कशाला बोला, आतून गुदगुल्याही व्हायच्या.

आणि एका दुपारी दुकानातला फोन तिच्यासाठी वाजला. टपालवाल्या बाई बोलत होत्या. आवाज तिकिटं विकतानाचाच, कोरडा. म्हणाल्या, आमच्या ह्यांनी तुमचं ते लिखाण ऐकलंय, त्यांना तुमच्याशी बोलायचंय, रविवारी या.

तीन दिवस मापवालीने तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. त्या बाईंचं नाव कुठे लिहिलं नव्हतं, पण बरणी लिहिली होती, टाकी लिहिली होती. ओळखायला तेवढं पुरे. मालकाच्या कानावर गेलं तर? गिऱ्हाइकाच्या घरातलं बाहेर नेणारी बाई म्हटल्यावर कोण तिला घरात घेईल? वन्संना सांगितलं तेव्हा त्या लागट काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, जा, आणि या वेळी तोंड उघड.

रविवारी ती पहिल्यांदाच कुणाच्या घरी टेप न घेता गेली.

खोलीच्या मधोमध खुर्चीवर एक उंच गृहस्थ बसले होते. तिच्या पावलांच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली, पण नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली, आणि त्यांना दिसत नाही हे तिला एका क्षणात कळलं. तिने मापं घेतली त्या दिवशी ते भावाबरोबर फिरायला गेले होते. ते पाट्या रंगवायचे. गावातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची होती. नजर कडांकडून आत आत विझत आली आणि चार वर्षांपूर्वी पुरती गेली. भावाच्या सुनेने मापवालीचा मजकूर त्यांच्या फोनवर पाठवला होता, फोनने तो वाचून दाखवला होता, आणि बरणीपाशी आल्यावर त्यांनी स्वतःचं घर ओळखलं होतं.

मापवालीने बसायच्या आधीच माफी मागून टाकली. म्हणाली, आजच काढून टाकते.

"काढायचं नंतर बघू," पाटीवाले म्हणाले. "स्वयंपाकघराच्या पडद्याला भडक पिवळी पट्टी आहे, असं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"भडक हा काही रंग नव्हे. कुठला पिवळा?"

मापवालीने टपालवाल्या बाईंकडे पाहिलं. त्या दाराशी हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनीच मग सांगितलं. नजर गेली तेव्हा ह्यांची घरात गफलत व्हायची, न्हाणीघर समजून स्वयंपाकघरात जायचे, चिडायचे. काठी घरात नको म्हणायचे. म्हणून त्यांनी प्रत्येक पडद्याला, हात जातो त्या उंचीवर, वेगळ्या स्पर्शाचं कापड लावलं. तुमच्याच दुकानातल्या तुकड्यांच्या पेटीतून, डोळे मिटून, बोटांनी निवडलं. रंग बघितलेच नाहीत.

"आणि मला सांगितलं, सगळं बदामी आहे," पाटीवाले म्हणाले. "चार वर्षं मी बदामी घरात राहतोय."

"खरं सांगितलं असतं तर पट्टीपट्टीवर वाद घातला असता तुम्ही. मखमल मिळाली ती पिवळीच मिळाली, मी काय करणार?" बाई म्हणाल्या. मग मापवालीकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "पंधरा मिनिटं होतात तुम्ही इथं. एकदा विचारलं असतंत तर सांगितलं असतं की."

मापवालीने पडद्यांकडे पुन्हा पाहिलं. मखमल, कॉर्डरॉय, टॉवेल. हे सगळं तिने नजरेने ओळखलं होतं. कापडाची जात सांगायला तिला कधी दिवा लागला नव्हता. आणि लिहिताना तिला सुचले ते फक्त रंग.

पाटीवाले उठले. म्हणाले, डोळे मिटा आणि या माझ्यामागून. तिने मिटले. भिंतीला धरून चार पावलं गेल्यावर हाताला मऊ लागलं, एका बाजूने गुळगुळीत, उलट फिरवलं की अडणारं. स्वयंपाकघर. पुढे ओलसर, टॉवेलच्या दोऱ्यांचे खडबडीत फासे. न्हाणीघर. मग उभ्या रेघारेघा, शेतातल्या सऱ्यांसारख्या. झोपायची खोली. शेवटी जाड, गोणपाटासारखं काहीतरी तळव्याला खरखरलं आणि ती आपोआप थबकली. हा पडदा तिनेच मापलेला, तिच्याच दुकानाने शिवलेला. पट्टी मागाहून लावलेली.

"तिथं पायरी आहे," मागून बाई म्हणाल्या. "थांबायला हवं, म्हणून टोचणारं घेतलं."

मापवालीने डोळे उघडले तेव्हा तिला दुकानातले ते छापील पडदे आठवले. वरून खालपर्यंत हात फिरवला तरी कुठेच काही न सांगणारे.

पुढे तिने तो मजकूर काढला नाही. पाटीवाल्यांनीच काढू दिला नाही. त्याच्या खाली तिने दोघांना विचारून, वाचून दाखवून आठ ओळी जोडल्या, पहिली ओळ 'माझं चुकलं होतं' अशी. वन्संनी त्यात एकही खूण केली नाही. छापील पडद्यांचा जोर ओसरला, मालक काही दिवस घुम्यासारखा वागला, काचेतला फोटो उतरला. अकरा हजारांतले बरेच आले तसे गेले. पण दूरवरच्या एका मुलीने लिहिलं की तिने आईच्या घरी पाच कापडं लावली आहेत आणि आई आता एकटी मोरीपर्यंत जाते. ते पत्र मापवालीने वहीत उतरवून ठेवलं. घरोघरी मापं घेताना ती आता प्रश्न विचारते. काही लोक उत्तर देतात, काही टेपकडे बोट दाखवतात.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी पाटीवाले परत खुर्चीत बसले आणि त्यांनी तिला कामाला लावलं.

"गेले चार दिवस हे रंग डोक्यात शेजारी शेजारी लावून बघतोय मी. पिवळा जमला. नारिंगी जमला. जांभळ्यावर अडलोय. कुठला जांभळा?"

"वांग्याचा," ती म्हणाली.

"ताज्या की शिळ्या?"

ती उठून न्हाणीघराच्या पडद्यापाशी गेली, उजेडात पट्टी धरून पाहिली. "शिळ्या. देठाजवळचा नाही, मधला. थोडा तपकिरीकडे गेलेला."

"मग पोपटीशेजारी वाईट नाही दिसणार," ते बायकोला उद्देशून म्हणाले. "पोपटी जरा दबत असेल एवढंच."

बाईंच्या हाताची घडी सुटली. त्यांनी चहा ठेवला. एकेक करत पाटीवाल्यांनी सगळं घर विचारून घेतलं. भिंत कितपत पिवळी पडली, टाकीला गंज कुठवर आला, बरणीतल्या कुठल्या ब्रशाला अजून रंग चिकटलेला आहे. मापवाली दर वेळी जाऊन बघत होती, जवळून, खिडकीत नेऊन. तीस वर्षांत तिने रंगाकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

चहाचे कप रिकामे झाले तेव्हा त्यांनी आवाज थोडा खाली आणला. "हिनं आज काय घातलंय?"

बाईंनी दारातून चटकन मान हलवली, नको म्हणून. अंगात जुना स्वेटर होता, कोपरांवर रफू केलेला.

मापवालीने त्यांच्याकडे पाहिलं. "सांगू का?" तिने विचारलं.

 बाईंनी केस कानामागे सारले आणि त्या जरा ताठ झाल्या. "सांगा."

"स्वेटर आहे. निळा."

"रफू मला ठाऊक आहे, हाताला लागतं. निळा कुठला?"

ती उठून बाईंच्या जवळ गेली. "धुऊन धुऊन विटलाय. खांद्यावर तर दुपारच्या आभाळाइतकाच उरलाय, अगदी फिका. पण बाह्या दुमडल्यात ना, त्या घडीच्या आत अजून गडद आहे."

"शाईसारखा?"

"हो. शाईचाच."

"तोच," पाटीवाले म्हणाले. "मी पाहिला होता."

बाईंनी मान खाली घातली, आणि दोन्ही बाह्यांच्या घड्या सावकाश मनगटापर्यंत उलगडल्या.