शेवटचं ताट

कमलबाईच्या घरात सगळ्यात शेवटी जेवायचा मान कमलबाईचा, आणि सगळ्यात जाड असण्याचाही तिचाच. शिरड शहापूरच्या बायका रानात तिची थट्टा करत, "हवा खाऊनच फुगलीस का वं?" कमलबाईही हसून घेई. आता बायांना काय सांगायचं, की ती खरंच जवळपास हवाच खाते? सकाळी कोरा चहा. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर उरला तर भाकरीचा तुकडा. रात्री नवरा आणि लेक जेवले की भूक अंगावर धावून यायची, तेव्हा भांड्यात उरलंसुरलं सगळं.

तिची लेक सपना पोलीस भरतीची तयारी करत होती. पोरगी चपळ. आठशे मीटर धावायची वेळ आली की शाळेच्या मैदानावर सगळ्यांच्या पुढे असायची. पण मोबाइलवर कुणाचं तरी ऐकून तिनं भाकर सोडली. काकडी, लिंबूपाणी आणि रात्री वाटीभर वरण. अंग हलकं झालं की पाय आपोआप पळतील, असा तिचा हिशेब. झालं उलटंच. ती मागे पडू लागली, केस गळू लागले, भर उन्हात हात गार पडू लागले.

"अर्धी भाकर तरी खा," कमलबाईनं एकदा ताट पुढे सरकवलं.

"मला तुझ्यासारखं व्हायचं न्हाई, माय."

कमलबाईनं भाकर परत टोपल्यात ठेवली. तिला वाईट वाटलं, फार वाटलं. पण राग आला नाही. पोरीला जे दिसतं तेच ती बोलली, असं तिनं मनाला समजावलं.

भरतीला दीड महिना राहिला आणि सपना मैदानावर चक्कर येऊन खाली बसली. कमलबाई तिला आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेली. तिथल्या ज्योती सिस्टर तोंडानं फटकळ, मनानं मऊ. त्यांनी रक्तदाब पाहिला, रक्त तपासायला घेतलं आणि विचारलं, "दिवसभरात काय खातीस?"

सपनानं सांगितलं. सिस्टरनं कपाळाला हात लावला.

"तू झोपलीस तरी काळीज चालतं, श्वास चालतो, अंग गरम राहतं. त्याला जाळ लागतो. चुलीतली लाकडं तूच काढून घेतलीस, मंग शरीर जाळ बारीक करतं. हात गार पडून राहिले ते काहून? तरीबी भागलं न्हाई की ते अंगातलं मांसच मोडून खातं. मंग पळशील कशाच्या जोरावर?" आणि त्यांनी मान वळवली. "आन तुमी, मावशी? तुमी काय खाता?"

कमलबाई लाजत लाजत सांगू लागली. कोरा चहा, दुपारचा तुकडा, रात्रीचं उरलेलं. सपना आईकडे पाहतच राहिली. एवढी वर्षं एका घरात राहून तिनं आईला जेवताना नीट कधी पाहिलंच नव्हतं.

"दोघी एकाच वाटेनं चालल्या," सिस्टर म्हणाल्या. "दिवसभर उपाशी राहायचं आन रात्री एकदम पोट भरायचं, त्यानं ताकद झिजते, चरबी तेवढी राहते. तुमचंबी रक्त तपासू, दुसरी काही तकलीफ असंल तर कळंल. पण आधी सकाळी जेवायला शिका. भाकर, उसळ, अंडं, मूठभर शेंगदाणे."

घरी जाताना सपना म्हणाली, "माय, मी काहीबी बोलले त्या दिशी."

"बराबर बोललीस. माझ्यासारखं नको होऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सपनानं दोन ताटं वाढली. "तू खाल्लं तरच मी खाईन." कमलबाईनं घास उचलला आणि नेमका कोंडीबा, तिचा नवरा, तोंड धुऊन आत आला. ती सवयीनं अर्धी उठली. सपनानं तिचा हात धरून खाली बसवलं. कोंडीबानं दोघींकडे पाहिलं, फळीवरचं ताट आपल्या हातानं घेतलं आणि शेजारी बसला. उसळ कुठल्या पातेल्यात आहे ते मात्र त्याला विचारावं लागलं.

भरतीच्या दिवशी हिंगोलीच्या मैदानाबाहेर कमलबाई झाडाखाली डबा घेऊन बसली होती. सपना बाहेर आली ती घामानं निथळत. चांगली पळाली होती ती. निकाल लागायचा होता. कमलबाई धावण्याचं विचारणार, तेवढ्यात पोरीनंच विचारलं, "माय, तू खाल्लंस का?"

"व्हय," कमलबाईनं डब्यातला लेकीचा वाटा पुढे केला. "तुझ्या आधी खाल्लं."